लेस्टरमधला क्षय आणि आपली माणसं

मी इथे क्षयरोग नर्स आहे. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये क्षयाचे ४,८५५ रुग्ण नोंदले गेले. पाचातले साधारण चार परदेशात जन्मलेले. त्यावरून 'रोग घेऊन येतात' असं कुणी म्हणालं की जिवाला लागतं. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसाआधी आपल्या लोकांच्या छातीचा एक्स-रे साधारणपणे होतोच. पण शरीरात निपचित पडलेला जंतू त्यात दिसत नाही. मधुमेहासारखं निमित्त मिळालं की तो वर्षांनी उठतो.

तो रक्ततपासणीत कळतो. तपासणीत तो सापडल्यावर नाशिकची एक मुलगी घाबरून म्हणाली, "ताई, घरी कळलं तर लग्न मोडेल." निद्रिस्त जंतू दुसऱ्याला लागत नाही गं! तीन महिने गोळ्या, बस्स. गेल्या पाच वर्षांत भारतातून आलेल्या, सोळा ते पस्तीस वयाच्या मंडळींनी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, या तपासणीबद्दल जरूर विचारावं.