ठाण्यात बसून महापेचा रॅक : सीरियल कन्सोल बसवण्याचा माझा अनुभव

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. रात्री पावणेबारा वाजता मी ठाण्यातल्या घरी बसून महापेच्या डेटा सेंटरमधल्या आमच्या मुख्य नेटवर्क स्विचवर एक नवा व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचं एक वेगळं आभासी नेटवर्क, चढवत होतो. ट्रंक पोर्टवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र वाहणाऱ्या जोडणीवर, आधीचे ११ व्हीलॅन होते, त्यांत बारावा घालायचा होता. कमांडमध्ये 'ॲड' हा शब्द राहिला. तो नसला की स्विच जुनी यादी पुसून टाकतो आणि नवा व्हीलॅन तेवढा ठेवतो. एंटर दाबला आणि स्क्रीन गोठली. ज्या वाटेने आत शिरलो होतो, तीच वाट मी बंद केली होती.

दुरुस्तीला एक ओळ पुरे होती, पण ती टाइप करायला माणूस रॅकसमोर, म्हणजे मशीन बसवलेल्या कपाटासमोर, हवा. हे काम करणारे आमच्याकडे दोघेच, मी आणि माझा एक ज्युनियर, आणि तो त्या आठवड्यात गावी गेलेला. विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी भरलं होतं, म्हणून कळव्याची वाट सोडून आनंदनगर, मुलुंड, ऐरोली पूल असा वळसा घालत बाइकवरून गेलो. गेटवरच्या सिक्युरिटीच्या काकांनी ओळखपत्र पाहिलं, रेनकोट वाळत घालायला खुर्ची दिली, पण आत जायला ईमेलवर परवानगी यावी लागते आणि ती यायला पाऊण तास लागला. रॅकसमोर पोचलो तेव्हा सव्वादोन. निळी कन्सोल केबल लावली, ती एक ओळ टाइप केली, सगळं सुरू झालं. दीड मिनिटाचं काम. आमच्या सर्व्हरवर पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट असतात. सकाळी सातला रक्त द्यायला उपाशीपोटी येणारी माणसं त्या पूर्ण वाटेत माझ्या डोळ्यांसमोर होती.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो आणि कन्सोल सर्व्हर मागितला.

"रोज लागणार आहे का ते?" सरांनी विचारलं.

"नाही सर. पण ज्या दिवशी लागेल, त्या दिवशी दुसरं काहीच चालत नसेल."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी : स्विच, राउटर, फायरवॉल, सर्व्हर, यांतल्या बहुतेकांना एक सीरियल पोर्ट असतो. नेटवर्क पडलं, आयपी पत्ता चुकला, मशीन अर्धवट बूट होऊन अडकलं, तरी त्या पोर्टवर ते बोलत राहतं. लॅपटॉप घेऊन जाऊन एकेकाला केबल लावण्याऐवजी सगळ्यांच्या केबल एका खोक्यात आणायच्या आणि त्या खोक्यात दुरून शिरून हवा तो पोर्ट निवडायचा, म्हणजे कन्सोल सर्व्हर. कोणी त्याला टर्मिनल सर्व्हर म्हणतं, कोणी सीरियल पोर्ट स्विच.

नवा घ्यायला बजेट नव्हतं, जुना १६ पोर्टचा मिळाला. आधीच्या मालकाचा पासवर्ड त्यातच होता, तेव्हा मागचं बारीक बटण पिनेने दाबून फॅक्टरी रीसेट केला. मग त्याच्याच कन्सोल पोर्टला लॅपटॉप लावून सेकंदाला ९६०० बिट, अक्षराला ८ बिट, पॅरिटी (चूक तपासणारा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट या सेटिंगवर आत शिरलो. आयपी, मास्क, गेटवे, नाव, युजर, हे अर्ध्या तासात झालं. घड्याळाने मात्र छळलं. टाइमझोनच्या रकान्यात मी आयएसटी आणि पुढे अधिक ५:३० लिहिलं, तर घड्याळ ११ तास मागे गेलं. युनिक्सच्या जुन्या पद्धतीत तिथलं चिन्ह उलटं असतं, ग्रीनिचच्या पूर्वेला उणे. उणे ५:३० लिहिल्यावर वेळ जुळली. हे बारीकसारीक वाटेल, पण पुढे लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, वाचताना दोन मशीनच्या वेळा जुळल्या नाहीत तर त्या लॉगचा उपयोग होत नाही.

टेलनेट ही दुरून शिरायची जुनी पद्धत लगेच बंद केली, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो. एसएसएच ही सांकेतिक करून बोलणारी पद्धत होती, पण फर्मवेअर (खोक्याचं आतलं सॉफ्टवेअर) इतकं जुनं की माझा लॅपटॉप त्याच्याशी बोलायलाच तयार होईना. लॅपटॉपवरच्या ओपनएसएसएच या प्रोग्रामने २०१५ पासून जुनी की-एक्सचेंज (गुप्त किल्ली ठरवायची) पद्धत आणि २०२१ पासून शा-१ या आता कमकुवत ठरलेल्या पद्धतीवरच्या आरएसए सह्या मुळातच बंद ठेवल्या आहेत, आणि या खोक्याला तेवढंच येत होतं. लॅपटॉपवर ते सगळं परत चालू करायला मन धजेना. शेवटी रॅकमध्ये एक छोटा लिनक्स बॉक्स ठेवला, कन्सोल सर्व्हर फक्त त्याच्याशी जोडला आणि जुन्या पद्धतींची मुभा त्या दोघांमधल्या एका केबलपुरतीच दिली. बाहेरून येणारा माणूस आधी लिनक्सवर नव्या, मजबूत पद्धतीने येतो, मग आत जातो.

आता केबल. खरं काम तिथे होतं आणि चार शनिवार तिथेच गेले.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आरजे-४५ चे आठ पिनांचे कनेक्टर, डीबी-९ चे नऊ पिनांचे ॲडॅप्टर आणि केबल आणली. घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून १६ केबलना सरळ क्रमाने कनेक्टर दाबून बसवले, म्हणजे क्रिंप केले, एकला एक, दोनला दोन. महापेला नेऊन लावल्या. एकही पोर्ट बोलला नाही. काळी स्क्रीन, एंटरवर एंटर, काही नाही. आरजे-४५ हा आकार सारखा असला तरी आतल्या आठ पिनांचं वाटप प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, हे मला वाचून माहीत होतं. तरी आपल्या खोक्याचं वाटप कोणतं, ते मी तपासलं नव्हतं.

त्या दिवशी मला मल्टिमीटरने वाचवलं. सीरियल पोर्टचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. त्यात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ०. कोणी काही बोलत नसतं तेव्हा पाठवणारी पिन १ वर, म्हणजे ऋण व्होल्टेजवर थांबलेली असते. ऐकणाऱ्या पिनवर जवळजवळ शून्य दिसतं. म्हणजे ग्राउंडला काळी प्रोब टेकवायची, लाल प्रोब एकेका पिनवर न्यायची. जिथे उणे साडेपाच-सहा दिसेल ती पाठवणारी. एक फसगत आहे : आरटीएस आणि डीटीआर या 'मी तयार आहे' असा इशारा देणाऱ्या पिनाही पोर्ट बंद असताना ऋण दिसतात. म्हणून आधी तो पोर्ट उघडून ठेवावा. मग त्या दोन्ही धन होतात आणि पाठवणारी एकटी ऋण उरते.

मोजलं तर आमच्या स्विचची पाठवणारी पिन तिसरी आणि खोक्याचीही तिसरी. माझ्या सरळ केबलने दोन तोंडं एकमेकांना जोडली होती, कान रिकामेच. इथे उलटी केबल हवी, एकला आठ, दोनला सात, तीनला सहा. तिलाच रोलओव्हर म्हणतात. स्विचच्या खोक्यात येणारी ती निळी चपटी केबलसुद्धा हीच. एका बाजूचं डोकं कापून उलट्या क्रमाने परत क्रिंप केलं. सर्व्हरना डीबी-९ असतं, तिथे २ ऐकणारी, ३ बोलणारी, ५ ग्राउंड. त्या हिशोबाने ॲडॅप्टरच्या आतल्या तारा बसवल्या. पुढच्या शनिवारी पहिल्या पोर्टवर एंटर दाबला आणि स्विचचं नाव उमटलं. मी उभ्याउभ्या ज्युनियरला फोन केला. तो म्हणाला, "दादा, आता बाकीचे पंधरा."

बाकीच्यांत काही ठिकाणी अक्षरांऐवजी कचरा आला. तो दिसला तर घाबरू नये, केबल बरोबर आहे आणि वेग चुकला आहे एवढाच त्याचा अर्थ. स्विच ९६०० वर, सर्व्हर १,१५,२०० वर, हे पोर्टवार लावलं. ९६०० म्हणजे एका अक्षराला १० बिट (८, शिवाय सुरुवातीचा आणि शेवटचा एकेक) धरून सेकंदाला ९६० अक्षरं. ८० गुणिले २४ ची पूर्ण स्क्रीन रंगायला दोन सेकंद लागतात. सवय होते. दोन सर्व्हर बूटचे संदेश दाखवायचे आणि मध्येच गप्प व्हायचे. त्यांच्या पोर्टवर हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला होता. ॲडॅप्टरमध्ये मी त्या तारा जोडल्या नव्हत्या, म्हणून समोरून 'बोल' असा इशारा कधीच पोचत नव्हता. दोन्हीकडे फ्लो कंट्रोल बंद केला आणि ते मोकळे झाले.

लिनक्स सर्व्हरवर तीन ठिकाणी सांगावं लागतं. बायोसमध्ये (मशीन चालू होताच जागं होणारं सॉफ्टवेअर) कन्सोल रीडायरेक्शन, ग्रबमध्ये (कोणता कर्नल चालू करायचा ते विचारणारा मेनू) सीरियल टर्मिनल, आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीत कन्सोलचं नाव. कर्नलच्या ओळीत दोन कन्सोल लिहिले तर शेवटी लिहिलेला मुख्य धरला जातो, म्हणून सीरियल शेवटी. हे तिन्ही झालं की मशीन चालू केल्यापासून लॉगिनपर्यंतचं सगळं घरी दिसतं. यातलं ग्रबचं राहिलं तर ज्या रात्री जुना कर्नल निवडायची वेळ येते, त्याच रात्री तो मेनू दिसत नाही.

तेरा नंबरच्या पोर्टबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथे एक जुना युनिक्स सर्व्हर आहे. एकदा मी कन्सोल सर्व्हरची वीज काढून पुन्हा लावली आणि तो सर्व्हर जागच्या जागी थांबला. बंद पडला नव्हता, फर्मवेअरच्या प्रॉम्प्टवर येऊन उभा होता. सीरियल लाइनवर 'ब्रेक' म्हणून एक इशारा असतो : एका अक्षराला लागतो त्याहून जास्त वेळ लाइन ० वर धरून ठेवायची. त्या जातीच्या मशीनला ब्रेक मिळाला की ते काम थांबवून फर्मवेअरमध्ये उतरतं. वीज जाता-येता लाइनवर उठलेला झटका त्याने ब्रेक समजून घेतला. 'गो' टाइप केल्यावर ते जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागलं, पण त्या चार मिनिटांत एका लॅबचे रिपोर्ट अडकले आणि तिथल्या मॅडमचा फोन आला. त्यानंतर त्या सर्व्हरवर साधा ब्रेक बंद करून ठरावीक अक्षरांचा क्रम लावला. केबलला लाल टेप आहे, आणि कन्सोल सर्व्हरची वीज काढण्याआधी ती केबल काढायची, असं रॅकच्या दारावर मराठीत लिहून ठेवलं आहे.

आत जायची वाट मुख्य नेटवर्कवरून ठेवली असती तर त्या जुलैच्या रात्री हे सगळं असूनही मी बाहेरच राहिलो असतो. म्हणून वेगळा ४जी राउटर घेतला. पण मोबाइल कंपनी सिमला सहसा खरा सार्वजनिक आयपी देत नाही, १०० ने सुरू होणारा आतला पत्ता देते आणि बाहेरचा एकच पत्ता अनेकांत वाटते. बाहेरून त्यावर जाता येत नाही. उपाय उलटा आहे. रॅकमधल्या लिनक्स बॉक्सने स्वतःहून बाहेर यायचं. भाड्याच्या एका लहानशा सर्व्हरशी तो वायरगार्डचा बोगदा, म्हणजे सांकेतिक केलेली खाजगी जोडणी, उघडा ठेवतो आणि दर २५ सेकंदांनी एक पॅकेट पाठवून तो मिटू देत नाही. मी घरून त्या सर्व्हरवर जातो आणि बोगद्यातून आत. लोखंडी रॅकांच्या रांगेत सिग्नल दीड काडी मिळतो. डेटा सेंटरच्या लोकांची परवानगी घेऊन अँटेना रॅकच्या टपावर बसवली, तेव्हा दोन काड्या झाल्या. नुसत्या अक्षरांना तेवढं भरपूर आहे.

चाचणी रविवारी दुपारी. ज्युनियर रॅकसमोर, मी ठाण्यात, आणि मी त्याला मुख्य अपलिंक, म्हणजे रॅकमधून बाहेर जाणारी नेटवर्कची तार, उपटायला सांगितली. घरात जेवणं चालू होती, मी ताट बाजूला ठेवलं होतं. बोगद्यातून शिरलो, एकेक पोर्ट उघडत गेलो. चौदा बोलले. सातव्या पोर्टवर फायरवॉलऐवजी स्टोरेज निघालं, आमचं लेबल चुकलं होतं. सोळावा यूपीएसचा, त्याची केबल कंपनीची स्वतःची लागते, ती अजून आलेली नाही. आणखी एक गोष्ट त्या दिवशी सापडली : आदल्या दिवशी मी एका सर्व्हरवर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून शिरून फक्त खिडकी बंद केली होती. पोर्टच्या पलीकडे ते लॉगिन तसंच उघडं होतं, पुढे येणाऱ्याच्या हाती आयतं रूट. आता दहा मिनिटं हालचाल नसली की प्रत्येक मशीन स्वतः लॉगआउट करतं.

यंदाच्या पावसात एका पहाटे तीनला डेटाबेसचा सर्व्हर आपोआप रीस्टार्ट झाला. पूर्वी एकदा असं झालं होतं तेव्हा डिस्कवरच्या लॉगमध्ये काहीच मिळालं नव्हतं, कारण मशीन मरताना डिस्कवर लिहायला उसंत मिळत नाही. या वेळी मी अंथरुणातच लॅपटॉप घेऊन त्या सर्व्हरच्या, म्हणजे नवव्या, पोर्टवर उमटलेल्या अक्षरांचा साठवलेला लॉग उघडला. कर्नल कोसळल्याच्या (पॅनिक) संदेशाच्या वर मेमरीची दुरुस्त न होणारी चूक आणि स्लॉटचं नाव, बी-१, दोन्ही लिहिलेलं होतं. त्या स्लॉटची मेमरी वापरातून काढून सर्व्हर पुन्हा उभा केला तेव्हा पावणेचार झाले होते. बाहेर पाऊस कोसळत होता. मी पुन्हा झोपलो आणि सकाळची ठाणे-पनवेल लोकल धरून घणसोलीला उतरलो, सॅकमध्ये फोममध्ये गुंडाळलेली रॅमची एक पट्टी घेऊन.