मापाच्या वहीतली तीन कामं

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका सकाळी बाबांच्या हातून चहाचा कप सुटला आणि तोंड एका बाजूला ओघळलं. होता तो लकवा, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून आलेला. पण आईला वाटलं, ऊन लागलं. नागपूरचा एप्रिल, कोणालाही तेच वाटलं असतं. कांद्याचा रस चोळण्यात सकाळ गेली. धंतोलीतल्या दवाखान्यात पोचेस्तोवर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची, त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांची मुदत उलटून गेली होती. यातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हे साडेचार तास लक्षात ठेवा.

बाबा टेलर. नागपूरच्या महाल भागात चाळीस वर्षं दुकान. उजवा हात-पाय लुळा पडला आणि मार मेंदूच्या डाव्या बाजूला बसल्यामुळे बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण शब्द फुटत नव्हता. फिजिओथेरपी लगेच सुरू झाली. मनाची चौकशी मात्र कोणी केली नाही. भेटायला येणारे म्हणायचे, "काका, पॉझिटिव्ह राहायचं बरं का!" बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे.

मग रडणं सुरू झालं. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी हुंदके. आई विचारायची, "अजी, काहून रडता जी?" आणि तिच्या विचारण्यानं ते आणखीच रडायचे. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं की यात दोन गोष्टी असतात. लकव्यामुळे मेंदूचा भावनांवरचा ताबा सुटतो, तेव्हा दुःख नसतानाही रडू कोसळतं. आणि दुसरं, खरंखुरं नैराश्य. लकवा झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला ते गाठतं. बाबांना दोन्ही होतं. गोळी सुरू झाली. तीन-चार आठवड्यांनी ते जरा सावरले, त्यानंतरच पुढचं सगळं शक्य झालं. सकारात्मक मानसशास्त्राच्या, म्हणजे चांगल्यावर लक्ष देऊन मन सावरण्याच्या शास्त्राच्या, नावाखाली कोणी औषध बंद करायला सांगत असेल, तर कृपा करून ऐकू नका.

समुपदेशक ताईंनी एक सराव सुचवला. रोज रात्री दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली, तेही लिहायचं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. आठवडाभर लिहिणाऱ्यांची उदासी कमी झाली आणि फरक सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. पण ती माणसं लकव्याची नव्हती, हेही ताईंनी सांगितलं. "तुमच्या बाबांच्या मापानं बेतावं लागेल," त्या म्हणाल्या.

दुकानातली मापाची जुनी वही काढली. छाती, कंबर, उंची असे रकाने आखलेली. पहिल्या रात्री मीच लिहिलं, 'आज बाबा छान चालले.' बाबांनी डाव्या हातात पेन घेतला आणि त्यावर आडवी काट मारली. चार रात्री तसंच. पाचव्या रात्री माझ्या लक्षात आलं, त्यांचं चांगलं काय ते मीच ठरवत होते.

मग जेवण, आंघोळ, कपडे, नातीचा अभ्यास अशी चित्रं काढून समोर मांडली. बराच वेळ बघून त्यांनी शर्टावर बोट ठेवलं. त्या दिवशी एका हातानं स्वतःचं बटण लावलं होतं. "का जमलं, बाबा?" त्यांनी शर्टाची पट्टी ओढून माझ्या डोळ्यांपुढे धरली. काज वापरून वापरून सैल झालेलं होतं. कपाटातल्या सगळ्या शर्टांमधून त्यांनी मुद्दाम तोच निवडला होता. टेलरची नजर शाबूत होती. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'काज ओळखलं.' त्यांनी काट मारली नाही.

अंगात आहे तोच गुण नव्या रीतीनं वापरायचा, हाही त्याच प्रयोगातला एक सराव. नातीच्या शाळेच्या फ्रॉकची घेर-उंची बाबा डाव्या हातानं खडूनं आखायचे, आई मशीन चालवायची. रेघ थरथरायची. आई त्या थरथरत्या रेघेवरूनच शिवायची आणि बाबा मान हलवून पुन्हा उसवायला लावायचे. त्या उसवण्यानं घरात जितकी जान आली, तितकी महिनाभराच्या धीराच्या शब्दांनी आली नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, गावाची ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची नागपूरची मिरवणूक. खुर्ची दारात ठेवली होती. गर्दी ओरडली, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि बाबांच्या तोंडून स्वच्छ निघालं, "घेऊन जा गे." नंतर वाचा उपचारतज्ज्ञांनी सांगितलं, लहानपणापासून घोळलेले, लयीतले शब्द पुष्कळदा शाबूत राहतात. पुढे त्याच लयीवर त्यांनी "पाणी दे गे"पर्यंत मजल गाठून दिली. त्या दिवशी बाबा रडले, पण आईनं काहून ते विचारलं नाही.

अजूनही काही रात्री तिन्ही ओळी कोऱ्या राहतात. त्या आम्ही कोऱ्याच ठेवतो. परवा मी वही मिटत होते, तर बाबांनी माझ्या कुर्त्याच्या बाहीकडे बोट केलं. शिवण उसवली होती. म्हणाले, "खडू दे गे."