लेकीचं नाव संघाच्या यादीत लागेपर्यंत

शाहू स्टेडियमवरून चालत घरी येताना लेकीनं आबांना विचारलं, "आबा, आपल्या तालमीच्या संघात मला फुटबॉल खेळायला घेतील का?"

आबा म्हणजे माझे सासरे. फुटबॉलचं काहीही विचारा, त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. कोण कुठल्या तालमीतून कुठे गेला, कुठल्या फायनलला कुणाचा टायब्रेकर हुकला, सगळं तोंडपाठ. त्या दिवशी मात्र ते काही न बोलता चालत राहिले. घराच्या पायरीशी आल्यावर म्हणाले, "बघू की बाळा. चौकशी करू."

ती चौकशी जूनमध्ये सुरू झाली आणि लेकीचं नाव संघाच्या यादीत लागायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात काय काय लागलं ते लिहून ठेवते आहे. मला कुणी हे सुरुवातीलाच सांगितलं असतं तर दोन महिने तरी नक्की वाचले असते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. तालमी मुळात कुस्तीच्या, पण लाल मातीत घुमणाऱ्या त्याच पेठांनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी येतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, १९४० सालची. हंगामाआधी तिथं खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या संघाकडून सही करणार, याशिवाय कट्ट्यावर दुसरा विषय नसतो. माझं माहेर गडहिंग्लज, तेही फुटबॉलवेडं गाव. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर वडिलांच्या खांद्यावर बसून मी सामने बघितलेत. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. लेक तेव्हा तीन वर्षांची होती, आबांच्या मांडीवर झोपून गेली होती.

म्हणजे बघायला सगळं घर. पण अकरा वर्षांच्या मुलीला खेळायचं असेल तर पहिल्या दिवशी नेमकं कुणाकडे जायचं, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येईना. आबांच्या ओळखीचे सगळे मोठ्या संघातले. ते प्रेमानं म्हणायचे, "जरा मोठी होऊ दे." मोठी होईपर्यंत शिकणार कुठं, हा माझा प्रश्न तसाच राहायचा.

शेवटी शेजारच्या वहिनींनी एक कोचिंग सुचवलं. नाव लिहीत नाही. मैदान चांगलं होतं, जर्सी झकपक होती. तीन महिन्यांची फी आधीच भरून घेतली, आणि एकही कागद मागितला नाही. मला तेव्हा बरं वाटलं, कटकट नाही म्हणून. आता कुणाही आईबापाला मी हेच सांगेन, की जिथं मुलाच्या वयाचा दाखला मागत नाहीत तिथं मुलाला सामना खेळवायचा विचारच नसतो. दीड महिना लेक प्लास्टिकच्या कोनांमधून चेंडू नेत राहिली. शनिवारी आपसात सामना लागला की तिला आणि आणखी एका मुलीला पाण्याच्या बाटल्यांजवळ बसवायचे. मी विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, मुलं जोरात येतात, मुलींना लागलं तर आमच्यावर येतं." त्या रात्री लेक जेवली नाही. म्हणाली, "मला लागू दे ना आई. पण खेळू तर दे." फी परत मिळाली नाही. ते पैसे मी मनातून सोडले, पण ते दीड महिने अजून डाचतात.

खरा रस्ता सापडला तो सकाळी फिरताना. आमच्यापासून पंधरा मिनिटांवर एका मैदानात जुने खेळाडू पहाटे मुलांना शिकवतात, हे मला रोज तिथून जाऊनही कळलं नव्हतं. फलक नाही, जाहिरात नाही. कडेला सायकली लावलेल्या आणि मध्ये तीसेक पोरं, त्यात सात मुली. मी कुंपणापाशी थांबले तर एक सर जवळ आले. "पोरगीला घेऊन या उद्या, वहिनी. साडेपाचला. पोट रिकामं नको, पण भरलेलंही नको." एवढंच बोलून परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी वही-पेन घेऊन गेले होते आणि सरांना बरंच विचारलं. मुलामुलींचं एकत्र चालतं का? ते म्हणाले, या वयात बिनधास्त चालतं. भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८ मध्ये लहान मुलांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केल्या, त्यातही मुलं-मुली एका संघात खेळतात. पुढं काय? पुढं मुलींचे वेगळे वयोगट आहेत, आणि महिलांच्या इंडियन विमेन्स लीगमध्ये कोल्हापूरचा संघ खेळून आला आहे. हे मलाही माहीत नव्हतं. आबांनाही नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

क्लबची वर्गणी महिन्याला तीनशे रुपये. ज्याला जमत नाही त्याच्याकडून घेत नाहीत, आणि कुणाकडून घेत नाहीत हे फक्त एका सरांना माहीत असतं. ही गोष्ट मला इतकी आवडली की मी घरी येऊन दोनदा सांगितली. सामन्याचा नियमही साधा आहे, जो आठवडाभर सरावाला आला तो शनिवारी खेळणारच, पाच मिनिटं का होईना.

दोन आठवडे त्यांनी लेकीला नुसतं खेळू दिलं. मग सर म्हणाले, "आता हिची नोंदणी करू. तेरा वर्षांखालच्या स्पर्धेत नाव द्यायचं तर महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत खेळाडू म्हणून नोंद पाहिजे." फोटो, आधार, पालकांच्या संमतीची सही, आमच्या डॉक्टरांकडून तब्येतीचा दाखला आणि जन्मदाखला. पहिलं सगळं दोन दिवसांत झालं. जन्मदाखल्यापाशी गाडी अडली.

पहिलं बाळंतपण माहेरी, तसं माझं गडहिंग्लजला झालं. दाखला वडिलांनी काढून आणला होता आणि तो इतकी वर्षं लोखंडी कपाटात पासबुकांच्या खाली होता. सरांनी तो हातात घेतला, चष्मा वर केला आणि बोट ठेवून मला दाखवलं. जन्मतारीख बरोबर, आईचं नाव बरोबर, वडिलांचं बरोबर, लिंग स्त्री. आणि बालकाचे नाव या रकान्यात काहीच नाही. कोरा. जन्माची नोंद बाराव्या दिवसाच्या बारशाआधीच झाली होती, आणि नाव ठेवल्यावर ते नोंदवायचं असतं हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. शाळेत प्रवेश झाला, आधार निघालं, कुठं अडलं नाही. अकरा वर्षं माझी मुलगी त्या कागदावर बिननावाची होती.

मला तिथंच मैदानात भरून आलं. सर म्हणाले, "रडू नका वहिनी, दर वर्षी दोन-तीन पोरांचं असंच निघतंय." मग त्यांनी जे सांगितलं ते ज्यांच्या घरी असा कोरा दाखला असेल त्यांनी नीट वाचावं. जन्माच्या नोंदीत नाव नंतरही घालता येतं. वर्षाच्या आत घातलं तर फुकट, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. आणि ते होतं जिथं जन्माची नोंद झाली तिथंच, तुम्ही राहता तिथं नाही. कोल्हापुरात खेटे घालून काही उपयोग नव्हता, गडहिंग्लज गाठायलाच हवं होतं. आता तर हा दाखला आणखी महत्त्वाचा झालाय. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच एक कागद लागणार आहे. घरात तान्हं बाळ असेल तर बारशाच्या पेढ्यांबरोबर हेही उरकून घ्या.

कागल, निपाणी, संकेश्वर करत एसटी गडहिंग्लजला पोचली तेव्हा पाऊस लागला होता. वडील छत्री घेऊन स्टँडवर उभे. अर्ज, शाळेचा बोनाफाईड, आमची दोघांची आधारकार्डं आणि जुना दाखला, एवढंच लागलं. खिडकीतल्या बाईंनी नाव कसं लिहायचं ते मला कागदावर लिहून द्यायला सांगितलं, म्हणाल्या, "ऱ्हस्व-दीर्घ आधारसारखंच ठेवा, नंतर एक वेलांटीसुद्धा बदलायला त्रास होतो." मी तीन वेळा ताडून बघितलं. शाळेच्या कागदावर वेलांटी दुसरी आणि आधारवर पहिली आहे, हे तेव्हा लक्षात आलं. मग शाळेतला कागद दुरुस्त करून घेऊन पुन्हा एक फेरी. दुसऱ्या फेरीला वडील एकटेच गेले, मला म्हणाले, "तू ये-जा करू नको, हे माझ्याकडून राहिलेलं काम आहे." नवा दाखला त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, बनियनच्या आत धरून आणला. एका कोपऱ्यालाही पाणी लागलं नव्हतं.

ऑनलाइन नोंदणीत पुढं विशेष काही नाही. फोटो स्पष्ट हवा, दाखल्याची नक्कल सरळ आणि पूर्ण हवी. एकदा परत आली कारण कडेचा शिक्का कापला गेला होता. एक मात्र समजून घ्या, एका क्लबकडून नोंद झाली की दुसऱ्याकडून खेळायला रीतसर बदली लागते. म्हणून महिनाभर सराव बघून मगच सही करा.

साहित्याचं थोडक्यात. या वयाला चार नंबरचा चेंडू, पाच नंबरचा मोठ्यांचा, ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, तो पायाला जड जातो. आबांनी हौसेनं पाच नंबरचा आणला होता, तो आता त्यांनी गच्चीत ठेवून दिलाय. स्टडचे बूट पायाच्या मापाचेच घ्या, पुढच्या वर्षी होतील म्हणून मोठे घेऊ नका. नडगीवर घालायच्या शिनगार्डशिवाय सामन्यात उतरवतच नाहीत.

शिनगार्डचा पहिला दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. लेकीनं ते उलटे, रुंद बाजू खाली करून घातले होते आणि स्टॉकिंग वर ओढत होती. सर दवात गुडघे टेकून तिच्यासमोर बसले. स्टॉकिंग खाली केलं, शिनगार्ड फिरवलं, नडगीवर बोटांनी टकटक करून विचारलं, "लागतंय?" ती नाही म्हणाली. "आता स्टॉकिंग वर. घडी पडू द्यायची नाही, घडी पडली की फोड येतो." दुसऱ्या पायाचं तिला स्वतःला करायला लावलं आणि ती करेपर्यंत तसेच बसून राहिले. मागं पंचवीस पोरं वाट बघत होती.

पावसाळ्यात सराव बंद पडत नाही. चिखलात चेंडू जागीच बसतो, मग उचलून पास द्यायला शिकतात. घरी आल्यावर बूट धुवायचे ते तिनं, हा नियम मी पहिल्याच आठवड्यात घातला. धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवायचे, उन्हात ठेवले की तळवा सुटतो. रविवारी सरावानंतर आबा तिला गंगावेशीत घेऊन जातात. म्हशीची धार समोर काढून फेसाळ दूध ग्लासात मिळतं. तिथं ओळखीचं कुणी भेटलं की आबा सांगतात, "ही आमची नात. डावीकडनं खेळते."

डिसेंबरात पहिला सामना होता. मैदानाच्या कडेला प्लास्टिकचं टेबल, त्यावर दोन्ही संघांच्या याद्या. हातानं लिहिलेल्या, निळ्या शाईत. सामना सुरू व्हायला वेळ होता. आबा टेबलापाशी गेले आणि यादी डोळ्यांजवळ धरून वाचू लागले. त्यांनी वरून एकेक नाव बोट फिरवत वाचलं. चौदा नंबरला बोट थांबलं. लेकीचं नाव, मग माझ्या नवऱ्याचं, मग आडनाव. पहिली वेलांटी बरोबर होती.

"वाचलंत का आबा?" मी विचारलं.

"थांब," ते म्हणाले. "परत एकदा वाचतो."