रशियन येतं, मग प्राग-वॉर्साच्या विमानतळावर निभावेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रशियन शिकणारे हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर असं की बरंचसं निभावेल, कारण उडण्याचा धातू सगळ्या स्लाव भाषांत (रशियन, पोलिश, झेक वगैरे एका कुळातल्या भाषांत) एकच आहे: 'लेत'. फक्त त्याचा स्वर कुठे कसा बदलतो ते पाठ हवं.

रशियनमध्ये उड्डाण म्हणजे 'पल्योत', विमान म्हणजे 'समल्योत'. पोलिशमध्ये या 'ल्यो'चा 'लो' होतो: विमान 'सामोलोत', विमानतळ 'लोत्निस्को'. पोलंडच्या राष्ट्रीय विमान कंपनीचं 1929 पासूनचं नाव 'लोत', म्हणजे नुसतं 'उड्डाण'. युक्रेनियनमध्ये 'लि' येतो: 'पोलित', 'लिताक'. झेकमध्ये जुना 'ले' टिकून आहे: 'लेत', 'लेतिश्त्ये', 'लेतादलो'. यातला 'दलो' हा साधन दाखवणारा प्रत्यय. स्लोव्हेनियनमध्ये त्याचा 'द' गळून 'लेतालो' झालं. सर्बियनमध्ये क्रियापद याच धातूचं, पण विमान 'आव्हियोन', फ्रेंचमधून आलेलं. एअरोफ्लोत या रशियन विमान कंपनीच्या नावात मात्र हा धातू शोधू नका. तिथे 'फ्लोत' म्हणजे ताफा.

आता पाट्या. आगमनाला रशियन 'प्रिल्योत', पोलिश 'प्शिलोती', झेक 'पर्शिलेती'. हे लगेच ओळखू येतं. गफलत होते ती प्रस्थानाला. रशियात प्रस्थान म्हणजे 'वीलेत'. प्रागमध्ये जवळपास तसाच ऐकू येणारा 'वीलेत' म्हणजे सहल! तिथे प्रस्थानासाठी 'ओदलेती'ची पाटी बघायची, वॉर्सात 'ओदलोती'ची. स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानात, 'प्रिहोदी' आणि 'ओदहोदी' असतं, ते चालण्याच्या धातूवरून; तिथे 'लेत' शोधत बसू नका.

बोलताना सगळ्यात जास्त चुका क्रियापदात होतात. स्लाव भाषांत उडण्याची दोन क्रियापदं आहेत: एका दिशेने एकदा जाणं आणि ये-जा करत राहणं. रशियन 'लितेत' आणि 'लितात', पोलिश 'लेचेच' आणि 'लाताच', झेक 'लेत्येत' आणि 'लेतात'. मराठीत दोन्हीला 'उडणं'च असल्यामुळे आपण उद्याच्या प्रवासालाही 'लितायू' म्हणतो. तिथे 'लितेत'चं रूप 'लिचू' हवं. आणि हो, 'मी उपचार करतो' हेही रशियनमध्ये 'लिचू'च, संदर्भावरून समजतं.

शेवटचा घोळ वर्षांचा. झेकमध्ये 'प्येत लेत' म्हणजे पाच वर्षं, पाच उड्डाणं म्हणजे 'प्येत लेतू'. हे दोन वेगळे धातू. जुन्या स्लावमध्ये वर्षाच्या शब्दातला स्वर निराळा होता. झेकमध्ये तो 'ए'त मिसळला, पोलिशमध्ये फरक राहिला: पाच वर्षं 'प्येन्च लात', पाच उड्डाणं 'प्येन्च लोतूफ'. रशियन छपाईत 'यो' या अक्षरावरचे दोन ठिपके बहुधा गाळतात, म्हणून 'ल्येत' (वर्षं) आणि 'ल्योत' (उड्डाण) कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. आधी आकडा असेल तर बहुतेक वेळा ती वर्षंच असतात.