सेठनचा लॉगर: बर्फात २.८ अंश कुठून आले?

मनालीजवळच्या सेठनला एका उतारावर मी बर्फाचं तापमान वेगवेगळ्या खोलीवर नोंदवणारा लॉगर बसवलाय. मागच्या वेळी बढाई मारून गेलो होतो की त्याचे पाचही सेन्सर व्यवस्थित बोलतायत. बोलत होते, पण खोटं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सेठनला जाऊन कार्ड काढलं, तर १५ सेंमी खोलीवर दुपारी एकला अधिक २.८. शून्याच्या वर गेला की तो बर्फ कसला, पाणीच.

पहिला संशय अर्थात सेन्सरवरच, म्हणजे नकली डीएस१८बी२०वर. पाकीट अशा एका ऑनलाइन दुकानाचं, जिथे 'ओरिजिनल' हा शब्द तीनदा लिहिलेला असतो. होमस्टेवाल्या भाईजींचा थर्मास मागून घेतला, बर्फ-पाण्याचा काला केला आणि पाचही त्यात बुडवले. सगळ्यात वाईट चूक ०.४. डेटाशीटच ±०.५ म्हणते, त्यामुळे दुकानाची मनातल्या मनात माफी मागितली.

दोन दिवस वायरिंग, कोड, पुलअप रेझिस्टर, सगळं उपसलं. उत्तर आलेखातच होतं. १:२०ला आकडा २.८वरून दहा मिनिटांत ०.३वर उतरला, मग पुन्हा चढला. ढग येऊन गेला होता! बर्फाचा थर इतक्या झटपट तापत-निवत नाही. तापत होता सेन्सर. ऊन बर्फाच्या वरच्या वीत-दीड वीत थरात झिरपतं, आणि मी शहाण्याने सेन्सरच्या नळीवर चढवली होती काळी हीटश्रिंक (तापवली की आवळून बसणारं प्लास्टिकचं वेष्टण).

पांढरा ऑइलपेंट लावला, रात्रीत पोपडे निघाले. शेवटी कामी आली प्लंबरची टेफ्लॉन टेप, सहा वेढे. आता १५ सेंमीवाला भर दुपारी ०.२च्या वर जात नाही. (हे पाहून मी एकट्याने दोन चहा प्यायलो.) ५ सेंमीवाला अजून १.१ दाखवतो, त्याचे दिवसाचे आकडे मी सरळ टाकून देतो. सेन्सर ज्याला बांधले होते तो बांबूही बाद. तो तापून स्वतःभोवती विहीर खणतो आणि वितळपाणी वायरीवरून थेट खाली. आता पिट खणून वरच्या भिंतीत सेन्सर आडवे खुपसतो आणि खड्डा बुजवतो.

नाहीतरी मला हवी होती ती रात्रच. ३० आणि ६० सेंमीवाले आता दिवसरात्र शून्यावर आहेत, म्हणजे थर आतून ओला. पहाटे उताराला धरून ठेवतं ते फक्त वरचं गोठलेलं कवच. ते रात्री किती जमलं, यावर स्कीइंगला चारला निघायचं की पांघरूण ओढायचं ते ठरतं.

पहिल्या रात्री हवा अधिक १च्या खाली गेलीच नाही, पण आकाश निरभ्र; ५ सेंमीवाला उणे २.६. नऊपर्यंत कवच खणखणीत, मग वरचा बोटभर थर सैलावला आणि आयुष्यातलं सर्वोत्तम कॉर्न (वरून सैल, खाली घट्ट असा दाणेदार बर्फ) मिळालं. दुसऱ्या रात्री हवा उणे १, म्हणून मी खुशीत. भाईजी चुलीपाशी बसून म्हणाले, "रात को बादल थे, बर्फ पक्की नहीं हुई होगी." आलेखात ५ सेंमीवाला रात्रभर शून्याला चिकटलेला, तरी मी स्किन्स (चढताना स्कीखाली लावायच्या पट्ट्या) चढवल्याच. देवदारांच्या वर पहिल्याच मोकळ्या जागी स्कीतून पाय काढला, तो मांडीपर्यंत आत. आठलाच पूर्वेच्या उतारावरून बर्फाची चाकं घरंगळू लागली. परतताना एका खडकाखालून मूठभर बर्फ सुटला आणि खाली येईतो पंख्यासारखा पसरला. वेग बेताचा, पण वजन ओल्या सिमेंटचं.

हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या डीजीआरई या सरकारी संस्थेचं बुलेटिन (आमच्यातले जुने तिला अजून 'सासे'च म्हणतात) मी रोज बघतो, पण माझ्या एका उताराचं कवच त्यात कसं असणार? आणि हे फक्त स्कीवाल्यांपुरतं नाही. ४ एप्रिल २०२३ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात जण गेले, ते पर्यटक होते.

पुढचा बेत हामटाच्या बाजूला दुसरा लॉगर बसवायचा होता. पण हे लिहिताना लक्षात आलं, कमतरता सेन्सरांची नाही, आकाशाच्या नोंदीची आहे. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात सोडून गोठतो, ढग असले की ते जमत नाही. एमएलएक्स९०६१४ हा लांबूनच तापमान मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर आकाशाकडे तोंड करून लावला तर निरभ्र आकाश खूप थंड दिसेल, ढग आले की आकडा हवेच्या जवळ सरकेल. दुर्बीणवाले ढग ओळखायला हेच करतात. तर दुसरा लॉगर रद्द, आहे त्यालाच डोळा बसवतो. फक्त भिंगावर हिमकण साचले तर काय करायचं, ते सुचत नाहीये. हीटर लावला तर बॅटरी दोन रात्रीही टिकणार नाही. कोणी काही जुगाड केलाय का?