गुडिसन पार्क १:२०० : बुलन्स रोडची जाळी अखेर सरळ उभी राहिली

एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या लिव्हरपूलमधल्या जुन्या मैदानाची, गुडिसन पार्कची, मी १:२०० मापाची प्रतिकृती करतोय. बुलन्स रोड हा त्याचा एक स्टँड, आणि जाळी म्हणजे त्याच्या वरच्या मजल्याचा पुढचा कठडा. काल दुपारी त्याची पाचवी जाळी पाटावर उभी केली. रात्रभर कुलर तिच्या अंगावर चालू ठेवला. सकाळी उठल्या उठल्या स्टीलची पट्टी लावून पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी आणि जाळीच्या मधून उजेडाची एक रेघ दिसत नाही. फेब्रुवारीपासून याचीच वाट पाहत होतो.

तिसरी जाळी वाकली, ते मागच्या नोंदीत लिहिलंच होतं. चौथी त्याहून वाईट निघाली. माउंट बोर्डाची पन्नास सेंटिमीटरची पट्टी, तिच्यावर कागदातून कापून चिकटवलेल्या, स्टँडचा आराखडा करणाऱ्या लेइचच्या त्या तिरप्या पट्ट्यांच्या फुल्या, वरून निळा-पांढरा रंग. रात्री झोपताना सरळ होती. सकाळी दोन्ही टोकं पाटापासून बोटभर वर उचललेली आणि मधल्या सहा फुल्यांचे पाय सुटलेले. तीन आठवड्यांचं काम होतं. त्या दिवशी ब्लेडला हातसुद्धा लावावासा वाटला नाही.

दोष कशाचा हे कळायला वेळ लागला. आमच्याकडे ब्रह्मपुरीच्या बाजूला मे अखेरच्या नवतपात कुलरशिवाय छपरीत बसवत नाही. कुलरची हवा ओली असते. लाइन गेली की अर्ध्या तासात तीच छपरी भट्टीसारखी कोरडी पडते. माउंट बोर्ड ओल पितो तेव्हा फुगतो, सुकतो तेव्हा आखडतो. त्यात मी रंग एकाच बाजूला दिलेला, म्हणजे दोन बाजू दोन वेगळ्या चालीने चालणार. मागच्या बाजूलाही रंग देऊन पाहिला, फरक पडला पण थोडाच. धानाच्या पोत्याखाली दोन दिवस दाबून ठेवली. पोतं काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कमान. सनबोर्ड, म्हणजे फोमची शीट, वाकत नाही, पण तीन मिलिमीटर म्हणजे आपल्या मापात साठ सेंटिमीटर जाडीची भिंत झाली. कठडा कुठे आणि भिंत कुठे! सुताराकडची चपडी (लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून दोन हात दिले, ते सगळ्यात बरं निघालं. तीन दिवस टिकलं.

बोर्डाबद्दल एक सांगतो. कुरिअरने मागवू नका. मला आलेलं बंडल गुंडाळी करून पाठवलेलं होतं आणि दुकानदार म्हणाला, उन्हात ठेवा, सरळ होईल. होत नाही. नागपूरला जाणं झालं की बर्डीच्या बाजारात स्वतः उभं राहून, प्रत्येक शीट डोळ्यासमोर आडवी धरून निवडा.

वाट निघाली ती बांबूतून. गावात बुरूडकाम करणारे काकाजी आहेत. त्यांच्याकडे सूप आणायला गेलो होतो. अंगणात ते टोपल्याचा काठ बांधत होते आणि कामट्या अगदी माझ्या फुल्यांसारख्या तिरप्या एकमेकींवरून जात होत्या. मी खिशातला बुलन्स रोडचा फोटो दाखवला. त्यांनी तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "हे त कामट्याचंच काम हाय, बाबू. तू कागदावर कायले चिकटवते?" मी म्हणालो, काकाजी, बांबूही वाकेल ना ओलीने. त्यांनी एक कामटी उभी चिरली आणि दोन्ही भाग माझ्या हातात दिले. "पोटातला हवा लागली का वाकते. सालीकडचा घे." बोटांनाच फरक कळला. सालीकडचे तंतू दाट आणि कडक, आतला भाग पांढुरका आणि भुसभुशीत.

घरी येऊन पुन्हा फोटो पाहिले आणि तेव्हा खरी गोष्ट लक्षात आली. चार महिने मी फुल्यांना नक्षी समजत होतो. आधी भिंत, मग तिच्यावर फुल्या. आर्चिबाल्ड लेइचने हे उलटं केलं आहे. त्याने आधी कारखाने बांधले, मग स्टँड, आणि कारखान्याच्या छताला धरणारी लोखंडी कैची सरळ प्रेक्षकांसमोर उघडी ठेवली. वरची पट्टी, खालची पट्टी आणि मधल्या तिरप्या पट्ट्या मिळून त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या बाजू तुटल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. १९०२ साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात त्याच्याच आराखड्याचा, प्रेक्षकांनी उभं राहायचा लाकडी चढ कोसळला आणि पंचवीसेक माणसं गेली. त्यानंतरही तो बांधत राहिला. गुडिसनचे १९२६ चा बुलन्स रोड आणि १९३८ चा ग्लॅडिस स्ट्रीट हे दोन्ही स्टँड त्याचेच. त्या फुल्यांकडे मला आता शोभा म्हणून पाहता येत नाही.

म्हणून पाचवी जाळी बोर्डाशिवाय केली. पद्धत अशी. आलेख कागदावर पूर्ण लांबीचं चित्र, त्यावर पारदर्शक पिशवीचा तुकडा ताणून, म्हणजे गोंद कागदाला धरत नाही. वरच्या-खालच्या पट्ट्या एक मिलिमीटरच्या, तिरप्या अर्ध्या मिलिमीटरच्या. इतकी बारीक कामटी सुरीने निघत नाही. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टीला उतरत्या मापाची चार भोकं पाडून घेतली आणि कामटी एकेका भोकातून ओढत नेली. भोकाची धार चारही अंगांनी तासते. ओढताना शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. तो मधेच खरखरला तर समजायचं की पेर, म्हणजे गाठ आली, तिथे तुटणार. दोन पेरांमधला लांब तुकडा निवडा. कापायला मेडिकलमधलं अकरा नंबरचं ब्लेड. महागडे हॉबी कटर मी दोन घेतले, दोन्ही पडून आहेत.

उजवीकडे झुकणाऱ्या सगळ्या कामट्या आधी, त्या सुकल्या की डावीकडच्या त्यांच्यावरून. जिथे ओलांडतात तिथे सुईच्या टोकाने गोंदाचा एक थेंब. जाळी सुटी असतानाच रंग सगळ्या बाजूंनी दिला. मग दहा सेंटिमीटरचा चाचणी-तुकडा दोन काडेपेट्यांवर ठेवून मधोमध पाच रुपयांची नाणी रचली. आठव्या नाण्याला पण हालली नाही. नववं ठेवलं नाही, मला ती मोडायची नव्हती.

आता मजा अशी की जाळीच मागच्या शीटला सरळ धरते. मागे पातळ ड्रॉइंग शीट लावली तरी चालतं, कारण भार तिच्यावर नाहीच. खाली सायकलच्या आऱ्यांचे खांब लावून पाहिले. त्या खांबांमागे बसून गुडिसनला किती जणांची अर्धी मॅच दडली असेल, ते आरे लावताना डोळा खाली नेऊन पाहा.

इथवर लिहिलं आणि एक विचार आला तो आताच मांडतो. मूळ बेत १८ मे २०२५ चं गुडिसन करायचा होता, साउदॅम्प्टनला २-० हरवून पुरुष संघाने निरोप घेतला त्या दिवसाचं. पण त्यात पार्क एंडचा १९९४ चा स्टँड एकमजली आणि गुडिसन रोडचा १९७१ चा तीनमजली, दोन्हींवर लेइच नाही. जाळी जमत असेल तर १९३८ चं मैदान का करू नये? ग्लॅडिस स्ट्रीट पूर्ण झाला आणि ब्रिटनमध्ये प्रथमच चारही बाजूंना दुमजली स्टँड असलेलं मैदान तयार झालं. दहा वर्षांनी, १८ सप्टेंबर १९४८ ला, लिव्हरपूलविरुद्ध ७८,२९९ माणसं आली, ती याच रूपात. गर्दी दाखवायची तर हीच.

तीनमजली स्टँडचा सांगाडा मात्र मी कापून ठेवला आहे. तो टाकवत नाही. त्यामुळे गुडिसन रोडची आणि पार्क एंडची बाजू पायाला न चिकटवता खुंट्यांवर बसवायची, म्हणजे १९३८ आणि २०२५ दोन्ही आलटून पालटून लावता येतील. बुलन्स रोड आणि ग्लॅडिस स्ट्रीट दोन्ही काळांत राहतात. कोपऱ्यातलं सेंट ल्यूक चर्चही कायम. त्याचं छत मागच्या महिन्यातच झालंय आणि तो तुकडा मला सगळ्यात जवळचा आहे, कारण बाहेरच्या लोकांचं चर्च मैदानात इतकं आत घुसलेलं दुसरीकडे मी पाहिलेलं नाही.

एव्हर्टनच्या नव्या स्टेडियमच्या विटांमध्येही या फुल्यांचा नमुना घेतला आहे, हे ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांनी जवळून काढलेला फोटो पाहावा.

पुढे ग्लॅडिस स्ट्रीट. तिथे जाळी छोटी आहे, पण दोन कामट्यांचा सांधा कोपऱ्यात येतो आणि तिथे तिरपी पट्टी अर्धवट तुटते. मी तिचा कोन थोडा बदलून एक तुकडा जोडून पाहिला, डोळ्याला खटकतो. काकाजींनी टोपलीच्या कोपऱ्याला कामटी न तोडता वळवतात तसं करून पाहा म्हटलं आहे. ओल्या कामटीला दिव्याच्या काचेवर वळण देऊन पाहतो. उद्या बाजाराच्या दिवशी हिरवा बांबू आणतोय, पेरं दूर दूर असलेला. १९०९ च्या जुन्या गुडिसन रोड स्टँडचा मागच्या बाजूचा, रस्त्याकडून काढलेला फोटो कोणाकडे असेल तर पाठवा, माझ्याकडे सगळे आतून काढलेले आहेत.