नाईलची पाणीपट्टी

सहलीतली बाकीची मंडळी अत्तराच्या दुकानात शिरली आणि आम्ही दोघं हळूच मागं राहिलो. आस्वानमधली ती एकच दुपार मोकळी होती. समोर नाईल, मधोमध एलिफंटाइन बेट. होडीत बसल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, पण तिथं आहे काय नेमकं?"

"जिना."

"जिना?"

"पाण्यात उतरणारा. पूर मोजायचा."

यावर ती काही बोलली नाही. सांगलीत नांदलेल्या बाईला पुराची मोजणी समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात आमच्याकडं 'जेवलात का'च्या आधी 'पुलाजवळ पाणी किती?' असं विचारतात. आयर्विन पुलाजवळचे फूट हेच आमचं पंचांग. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये आकडा ५७ च्या वर गेला. गावभागातल्या आमच्या घराच्या भिंतीवर पाणी जिथवर चढलं होतं, ती खूण अजून आहे. रंगकाम करताना तेवढी पट्टी मी सोडायला लावली.

बेटाच्या काठाला काळपट ग्रॅनाइटचे गुळगुळीत खडक आहेत, पाण्यात बसलेल्या हत्तींसारखे. दक्षिण टोकाला जुन्या वस्तीचं पांढर, मातीच्या विटांच्या भिंतींवर भिंती. माणसं इथं पाच हजार वर्षांपूर्वीपासून राहत होती. इथला देव ख्नूम, मेंढ्याच्या तोंडाचा. तो कुंभाराच्या चाकावर माणसं घडवतो. माती अर्थातच नाईलची.

जिना सापडायला वेळ लागला, कारण मी काहीतरी भव्य शोधत होतो. प्रत्यक्षात दोन दगडी भिंतींमधून खाली जाणारी अरुंद वाट, नव्वद पायऱ्यांची. राखणदारानं बोटानंच 'उतरा' असं सांगितलं आणि तेच बोट अंगठ्यावर चोळून बक्षिसीचीही आठवण करून दिली. ऊन वरच राहिलं. दहाबारा पायऱ्या उतरल्यावर भिंतीवर आडव्या रेघा दिसायला लागल्या, कोरलेल्या, काही पार झिजलेल्या. शेजारी संगमरवराच्या पट्ट्या, त्यांच्यावर अरबी आकडे. त्या एकोणिसाव्या शतकातल्या. म्हणजे रोमन अमदानीतलं हे मापन त्या शतकातही साफसूफ करून पुन्हा वापरात आणलं होतं. मी एका रेघेवर तळहात ठेवला. दगड गार होता आणि रेघेच्या खाचेत वाळू भरली होती.

इथलं माप म्हणजे हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्यांच्या चित्रलिपीत या मापाचं चिन्हही हाताचंच आहे. आपला जुना हात २४ अंगुळांचा. त्यांचा राजहात २८ बोटांचा, म्हणजे सुमारे साडेबावन्न सेंटिमीटर. चार बोटं जास्तच. वसूल करणाऱ्याचा हात लांब असायचाच.

हा विनोद वाटला तरी खोटा नाही. स्ट्रॅबो नावाचा ग्रीक प्रवासी दोन हजार वर्षांपूर्वी याच बेटावर येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की हे आकडे शेतकऱ्यांना पाणी आणि बांध सांभाळायला उपयोगी पडतात आणि सुभेदारांना महसुलासाठी. पाणी जेवढं वर, तेवढा महसूल जास्त. मराठीत 'पट्टी' म्हणजे मोजायचीही आणि भरायचीही. घरपट्टी, पाणीपट्टी. या जिन्यात दोन्ही अर्थ एकाच भिंतीवर आहेत.

आमच्या पुलाचा आकडा वाढला की छाती धडधडते. इथं मात्र आकडा कमी राहिला तरी तेवढीच धडधडायची. रोमन लेखक प्लिनीनं हिशेब दिलाय: १२ हात पाणी म्हणजे उपासमार, १३ ला तरीही भूक, १४ ला आनंद, १५ ला निश्चिंती, १६ ला चैन. त्याच्याही वर गेलं तर गावं बुडणार. एवढ्या चारपाच हातांच्या खेळावर एक राज्य तीन हजार वर्षं चाललं. पालेर्मोची शिळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन इजिप्शियन दगडावर जुन्या राजांची वर्षवार नोंद आहे, आणि वर्षाच्या चौकटीखाली पुराची उंची लिहिलेली आहे: इतके हात, इतक्या मुठी, इतकी बोटं. राजानं काय केलं हे वर, नदीनं काय केलं हे खाली.

आस्वानला पाऊस जवळजवळ पडतच नाही. मग शेती कशावर? गाळावर. पूर आला की शेतं मातीच्या बांधांनी अडवलेल्या खाचरांसारखी भरायची. पाणी महिना-दीड महिना उभं ठेवायचं, मग सोडून द्यायचं, आणि उरलेल्या ओल्या काळ्या चिखलात गहू, जव फेकायचे. आपल्याकडं धरणाचं पाणी ओसरलं की गाळपेर करतात, अगदी तसं. अख्खा प्राचीन इजिप्त म्हणजे हजार किलोमीटर लांबीची गाळपेर जमीन होती. स्वतःच्या देशाला ते 'केमेत' म्हणायचे, काळी माती. वर्षाचे ऋतू तीन, चार-चार महिन्यांचे, पहिला पुराचा. आपल्या चातुर्मासाला सवंगडी मिळाल्यासारखं वाटलं. आपण मृगाची वाट बघतो. ते पहाटे पूर्वेला व्याध दिसायची वाट बघायचे. आकाशात हे दोघे शेजारीच.

पूर ओसरला की बांधावरून भांडणं. आदल्या आठवड्यात लक्सरला मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याचं थडगं पाहिलं होतं. भिंतीवर उभ्या पिकातून गाठी मारलेली दोरी ताणून माणसं चाललीयत, मागून लेखनिक. बायको तेव्हाच म्हणाली होती, "मोजणीवाले दिसतायत." होतेच ते. दोरी, हात, नोंदवही, धान्याचं कोठार, ते राखणारा शिपाई. नदी माणसांना पाणी देते हे कुणीही सांगेल. इथं मला दिसलं की तिनं त्यांना कारकून दिले.

हे पाणी येतं कुठून, याचं उत्तर त्यांच्याकडं होतं: याच बेटाजवळच्या खडकांखालच्या गुहांतून. खरं उत्तर दक्षिणेला, इथिओपियाच्या डोंगरात. तिथं पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, म्हणजे कोयनेला पडतो त्याच महिन्यांत. निळ्या नाईलनं तोच पाऊस आणि तोच गाळ आणायचा. दोन्हीकडचं नशीबही कधीकधी जोडलेलं: १८७७ साली दख्खन दुष्काळानं होरपळत होतं, आणि त्याच वर्षी नाईलचा पूरही फार खाली राहिला.

जिन्याच्या तळाशी पोचलो तर पाणी शांत. हिरवट, जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी त्याचं कारण पाहिलं. आस्वानचं उंच धरण, १९७० साली पुरं झालेलं, जवळपास पावणेचार किलोमीटर लांब. मागं नासर सरोवर. गाळ तिथंच बसतो, खालच्या शेतांना आता खताची पोती लागतात, आणि पूर येतच नाही. माझ्या डोळ्यांसमोर ऑगस्टमधले फोन आले: कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीचे किती दरवाजे उघडले. बायको कठड्याला टेकून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "यांचं बरं आहे."

मी म्हटलं, "गाळ गेला ना पण."

"आपल्या घरातनं तीन दिवस कुणी काढला होता गाळ? मी. जाऊ दे गेला तर."

परत आल्यावर बॅगा तशाच ठेवून मी फुटपट्टी घेतली आणि भिंतीवरची खूण मोजली. जमिनीपासून पाच फूट. राजहाताच्या हिशेबानं दोन हात, सहा मुठी. पेन्सिलनं शेजारी तसं लिहून ठेवलं. बायकोनं ते वाचलं, आणि त्याखाली तारीख घालायला सांगितली.